वैशाखातल्या पोळ्या

भांडी अजून माणसांना तोंडावर बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. वैशाखातल्या भर दुपारी पत्र्याच्या स्वयंपाकघरात सगुणाबाई पोळ्या लाटत होती. ओसरीवर नवरा नि दोन दीर जेवत होते. पोळी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे, अशी त्या घरची रीतच होती. नववी पोळी उलटताना तिला भोवळ आली आणि ती भिंतीला टेकली.

ओसरीवरून नवऱ्याचं ताट खणखणलं, "पोळी कुठं अडली?"

तवा भडकला. "मी लोखंडाचा, तरी मला ही धग सोसवत नाही. ती तर हाडामांसाची आहे! माठात गार ताक आहे, डब्यात पोहे आहेत, टोपलीत कैरी नि कांदा आहे. ते कालवायला चूल लागत नाही. ज्याला गरम पोळीच हवी, त्यानं इथं येऊन बसावं!"

चुलीपुढे बसायला कुणी उठेना. शेवटी धाकट्या दिरानं सगुणाबाईला पाणी दिलं आणि ताकात पोहे कालवले. सगळ्यांनी दोनदा मागून खाल्ले.

"काय गार वाटलं!" ताट म्हणालं. "हिला हे आधी कसं सुचलं नाही?"

"चुलीपुढे तुझा धनी बसत असता ना," तवा कडाडला, "तर चैत्रातच सुचलं असतं!"