दारावरचा बिल्ला

"आत अजून कोण राहिलंय, उस्ताद?"

"तू."

रणधीर हसला. हसणारच! सुताच्या पेटलेल्या गोदामातून म्हाताऱ्या वॉचमनला पाठीवर घेऊन तो मागच्या खिडकीतून उतरला होता. मागच्या रस्त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी फोटो काढला, कुणी हातात चहा दिला. आमच्याच गल्लीतलं पोर ते, कौतुकाला आधीच हपापलेलं. चहा संपवून, मग ऐटीत पुढच्या दाराशी आलं.

उस्तादांनी, म्हणजे अग्निशमन केंद्राच्या सकटसाहेबांनी, दाराशेजारच्या फळीकडे बोट केलं. आत जाताना प्रत्येक जवान आपल्या नावाचा बिल्ला तिथं अडकवतो, बाहेर आला की काढून घेतो.

फळीवर तीन बिल्ले होते. एक रणधीरचा.

"आणि हे दोघं?"

"लतीफ आणि शिवदास. तुला शोधायला गेलेत."

रणधीरचा चेहरा पांढराफटक पडला. तो दाराकडे धावला. उस्तादांनी एका हातानं त्याची कॉलर धरली, दुसऱ्या हातानं शिट्टी तोंडाला लावली. लांबलचक, पुन्हा पुन्हा. असाल तिथून माघारी फिरा.

धूर...

नुसता धूर...

वर पत्रे करकरत होते.

मग पाण्याचा पाइप हलला. त्याला धरून, रांगत रांगत, आधी शिवदास आला. त्याच्यामागून लतीफ. दोघं दारातून लांब येतात न येतात, तोच आतला माळा धाडकन कोसळला.

लतीफनं मास्क काढला. रणधीरला बघितलं. एक सणसणीत कानाखाली ठेवून दिली आणि मग त्याच्याच गळ्यात पडून हमसाहमशी रडला.

"हरामखोरा, चहाचा वास येतोय तुझ्या तोंडाला!"

शिवदासला तर हसू आवरेना. जमिनीवर पाय पसरून हसतच सुटला बिचारा. बघणाऱ्यांचाही जीव भांड्यात पडला.

रणधीरनं डोळे पुसले. पण खोड थोडीच जाते?

"उस्ताद, माणूस तर वाचवला ना मी?"

"वाचवलास."

"मग पुढच्या आगीला आधी मलाच पाठवाल ना आत?"

उस्ताद लतीफच्या मानेवर ओंजळीनं पाणी ओतत राहिले...

"आत जाणं तुला येतं, बाळा. आता थोडे दिवस दाराशी उभं राहून वाट बघायला शीक."