बिनगव्हाचा रंग

"…मग तोंडाला रंग फासून देवाचं नाव घेतलं, तर ते देवाला पोचतं का, माय?"

कोंडामाय वाती वळत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"रंग कशाचा?"

"फाउंडेशन म्हणतात त्याला. कॅमेऱ्यापुढे उभं राहायच्या आधी लावतात."

"ते कळलं. असतं कशाचं?"

"तेच तर कळत नाही."

दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. कोंडामाय हसली नाही.

विचारणारी संयोगिता. कीर्तनकार. जिल्ह्यात तिचं नाव आहे. गळा असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या ओळीतली म्हातारी मान डोलावते. मानही तशीच, ताठ. बुवा लोकांच्या पंगतीत बाईने जागा मिळवायची म्हणजे मान ताठ ठेवावीच लागते, त्यात तिचं काही चुकलं असं नाही.

कोंडामाय तिची गुरू. गावाबाहेर नदीच्या अंगाला तिचा मठ, म्हणजे एक खोली, एक पडवी आणि एक कडुनिंब. आधीची पोरं जगली नाहीत म्हणून आईबापाने हिचं नाव कोंडा ठेवलं. कोंड्यावर कोण नजर टाकतं? ती जगली. चांगली म्हातारी झाली.

"हा प्रश्न तू बसमध्ये बनवलास," कोंडामाय म्हणाली. "खरा काढ."



…

मग तिने सांगितलं. सांगताना जमिनीकडे बघत होती.

तिला गहू बाधत होता. आजचं नाही, दोन वर्षं झाली. डॉक्टरने नळी घालून बघितलं आणि सांगितलं की आतडं गव्हाला शत्रू समजतं, जन्मभर कणभर गहू पोटात जाता कामा नये. तिने पोळी सोडली, शिरा सोडला, शेवया सोडल्या. पण तोवर आजाराने गालावर काळे डाग टाकले होते.

कीर्तनाच्या मांडवात डाग कोणाला दिसत नव्हते. मग एका वाहिनीने बोलावलं. तिथल्या दिव्यांखाली सगळं दिसतं. माणसं बाईच्या तोंडाकडे आधी बघतात आणि ती काय बोलते ते मागाहून ऐकतात. हे खोटं असेल तर सांगा.

पहिल्या चित्रीकरणाला तिथल्या रंगवाल्याने, फुलारी त्याचं आडनाव, तिच्या तोंडाला त्याच्या डब्यातलं काहीतरी थापलं. तिने विचारलं नाही. दिव्यांच्या धगीने घाम फुटला, रंग ओठांवर उतरला, गाता गाता तिने तो चाटला. त्यानंतर आठवडाभर ती अंथरुणाला खिळली होती. तोंडात फोड, पोटात मुरडा.

डॉक्टर म्हणाला, कातडीतून सहसा काही होत नाही बाई, ओठांतून पोटात जातं त्याचं बघा. गाणाऱ्या बाईचे ओठ कुठे ठेवायचे ते त्याने सांगितलं नाही.

आता परवा पुन्हा चित्रीकरण होतं. या वेळी जमलं तर रोज सकाळचा अर्धा तास तिचा. नाही जमलं तर एक बुवा तयारच बसला होता.

म्हणून ती महिनाभर बाटली शोधत होती. दुकानं पालथी घातली. स्वस्त बाटल्यांवर काय काय घातलंय ते मुंगीएवढ्या अक्षरात, आणि तेही अशा भाषेत की गहू आहे की गुलाबपाणी, ठरवता येऊ नये. एका बाटलीवर स्वच्छ लिहिलेलं सापडलं, गहू नाही म्हणून. तिची किंमत ऐकून ती दुकानाच्या पायरीवर बसली. घरातलं महिन्याचं वाणसामान त्या एका बाटलीत गेलं असतं.

एका दुकानदाराला तिने विचारलं, यात गहू आहे का. तो म्हणाला, "ताई, तोंडाला लावायचंय ना? पोळ्या तर लाटायच्या नाहीत."

कोंडामायने वात बाजूला ठेवली.

"मग तू काय म्हणालीस?"

"बहिणीसाठी हवंय म्हणाले."

"तुला बहीण आहे?"

"नाही."

"त्या फुलारीला सांगितलंस?"

"नाही."

"वाहिनीवाल्यांना?"

"आजारी बाई म्हणून नाव काढून टाकतील, माय."

"सांगितलंस कोणाला?"

"आत्ता तुला."

…

आणखी एक गोष्ट होती, ती संयोगिताने सांगितली नाही. कीर्तनानंतर यजमानाकडे पंगत असते. पंगतीत पोळी असते. नको म्हणायला कारण लागतं. पहिल्यांदा ती म्हणाली, आज उपास आहे. दुसऱ्या गावी म्हणाली, निराहार आहे. लोकांनी हात जोडले. आमच्याकडे बाई जेवली नाही तर तिला काय होतंय असं कोणी विचारत नाही, तिचं व्रत कुठलं ते विचारतात. वर्षभरात ती मोठी तपस्विनी झाली. पत्रिकेवर नावाच्या आधी तसं छापूनही यायला लागलं. आणि ती गाडीच्या मागच्या सीटवर, काच वर करून, मुरमुरे खात होती.

मठात आली तरी हेच. कोंडामायने भाकरी पुढे केली की, आज उपास आहे, माय. कोंडामाय भाकरी परत ठेवायची. कधी बोलली नाही.

"साधी गोष्ट आहे," कोंडामाय म्हणाली. "त्या माणसाकडे माग. म्हणावं, मला सोसेल असा रंग दे."

संयोगिताची मान वर आली.

"मी कोणाकडे मागत नाही, माय. तुझीच शिकवण आहे. तू इतकी वर्षं दारोदार फिरलीस, कधी कोणाला शब्दाने मागितलंस?"

हे मात्र खरं होतं. लोक म्हणायला म्हणतात, कोंडामाय भिक्षा मागते. ती मागत नाही. दारात उभी राहते. दार उघडलं तर झोळी पुढे करते, नाही उघडलं तर पुढच्या घरी जाते. झोळीत ज्वारी पडो, गहू पडो, मका पडो, सगळं एकत्र. त्याच मिसळलेल्या पिठाच्या भाकरी थापायच्या. त्या भाकरीला कशाचीच चव नसते. शब्दाने मागायचं नाही आणि आलेलं निवडायचं नाही, हा तिचा नेम. या नेमासाठी लांबून लोक तिच्या पाया पडायला येतात.

कोंडामायने शिष्येकडे बघितलं.

…

मग उठली. खुंटीवर पिठाने पांढरी झालेली झोळी होती. तिला हात लावला नाही. पेटीतून धुतलेलं लुगडं काढलं, दातात धरून त्याचा पदर टरकन फाडला, चार टोकांना गाठी मारल्या.

"चल."

"कुठे?"

"भिक्षेची वेळ झाली."

संयोगिता मागून निघाली. डोक्यावरचा पदर तिने गालावर ओढून घेतला.

पहिलं घर सुतारांच्या चंद्रकलाचं. कोंडामाय दारात उभी राहिली. चंद्रकला रोजच्यासारखी सुपात ज्वारीचं पीठ घेऊन आली. संयोगिताताईंना बघून तिने घाईघाईने पदर सावरला, वाकून नमस्कार केला आणि सूप पुढे केलं.

कोंडामायने झोळी मिटली.

"तांदळाचं आहे का?"

चंद्रकलाला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. ती सूप धरून तशीच उभी.

"माय… आमचं काही चुकलं का?"

"तांदळाचं पीठ आहे का, विचारलं."

"आहे की. कालच दळून आणलंय, धिरड्यांसाठी."

ती आत पळाली.

संयोगिताचे कान तापले होते. तिने कोंडामायचा दंड धरला, हळूच म्हणाली, हे काय करतेस, अख्ख्या गावात होईल. कोंडामाय रस्त्यावरच्या कोंबडीकडे बघत होती.

चंद्रकला बाहेर आली. पितळी भरून पीठ. पांढरंशुभ्र, बारीक, वस्त्रगाळ. कोंडामायने झोळी उघडून धरली.

आता इथे एक गोष्ट होती, ती फक्त संयोगिताला माहीत होती. गावात गिरणी एकच. सकाळपासून तिच्यात गहूच पडतो. तांदूळ टाकला की आधीच्या दळणाचं पीठ त्याच्याबरोबर खाली येतं. गिरणीवाला हाताने दोन थापा मारतो, तेवढीच सफाई. त्या पांढऱ्या पिठात गहू होता. डोळ्यांना दिसत नव्हता, आतड्याला दिसला असता.

गप्प बसणं सोपं होतं. पीठ घ्यायचं, मठात जायचं आणि म्हणायचं, आज उपास आहे, माय. जमण्यासारखं होतं. दोन वर्षं जमलं होतं.

पण म्हातारीने झोळी धरली होती. पिठाची झोळी खुंटीवर ठेवून, धुतलेलं लुगडं फाडून केलेली.

…

"पीठ नको," संयोगिता म्हणाली.

"अं?"

"तांदूळ असतील तर द्या. अख्खे. मला गहू बाधतो. गिरणीतलं पीठ मला चालत नाही."

माइकशिवाय मांडवभर पोचणारा तो गळा. पण चंद्रकलाला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"बाधतो म्हणजे?"

"आजार आहे. कायमचा."

"अगंबाई." चंद्रकलाने तिच्याकडे बघितलं, गालाकडे बघितलं. मग तिच्या डोक्यात काहीतरी शिरलं. "म्हणजे तो तुमचा निराहार…"

संयोगिताने पदर गालावरून खाली सोडला.

"निराहार नव्हता. मुरमुरे खात होते. गाडीत बसून."

चंद्रकला इतकी हसली की पितळी तिला उंबऱ्यावर ठेवावी लागली. हसता हसता तिने सांगितलं, या ताईंचं बघून तिने सोळा सोमवार धरले होते, पित्ताने डोकं धरून नुसती लोळली होती आणि वर नवऱ्याची बोलणी खाल्ली होती, की तिकडे त्या ताई बघ, कशा तेजस्वी दिसतात.

"ताई, निदान मुरमुऱ्यांचं तरी सांगायचं होतं," ती म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

तांदूळ आणले. हात धुऊन आणले, हेही सांगायला हवं. सोबत मूठभर मुगाची डाळ, न मागता.

मठात आल्यावर कोंडामायने पातेलं राखेने घासलं, धुतलं, परत घासलं. पीठ मळायच्या काटवटीकडे गेलीच नाही. चुलीवर खिचडी चढवली.

संयोगिता कडुनिंबाखाली गेली. फोन हातात धरून बराच वेळ उभी होती. मग लावला.

फुलारीला सगळं सांगितलं. बहीण मध्ये आणली नाही. पलीकडचा माणूस भडकला. आधी का नाही सांगितलं, मागच्या वेळी काही बरंवाईट झालं असतं तर आम्ही कोणाला तोंड दाखवलं असतं, असं बरंच. ऐकून घेतलं तिने. त्याला हे नवीन नव्हतं. त्याच्याकडे मालिकेत काम करणारी एक मुलगी यायची, तिचंही हेच. तिच्यासाठी तो एका लहान कारखान्याचा रंग मागवायचा. गहू नाही असं ते लोक लिहून द्यायचे. नाटकवाल्यांसाठी बनवतात म्हणून डबी दिसायला ओबडधोबड आणि म्हणून स्वस्त. साडीला फॉल-बिडिंग करायला लागतात तेवढ्याच पैशात. त्याने बजावलं, स्पंज आणि ब्रश मात्र स्वतःचे आणा, नवे कोरे, माझ्या डब्यातले वापरू नका. आणि ओठांजवळ मी हातच लावणार नाही.

वाहिनीवाल्यांना काय वाटेल, असं तिने विचारलं. तो म्हणाला, ते त्यांना विचारा, मी रंग लावतो.

तिने त्यांनाही फोन केला. तिकडच्या मुलीने नीट ऐकलं, साहेबांना सांगते म्हणाली आणि ठेवून दिला. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. परवाच कळणार होतं.

ती पडवीत येऊन बसली. कोंडामायने दोन ताटल्यांत खिचडी वाढली. मठात संयोगिता दोन वर्षांत पहिल्यांदा जेवत होती. घासामागून घास, मान खाली घालून. बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्या दोन बायका थांबल्या, आत डोकावल्या, काहीतरी कुजबुजल्या आणि गेल्या. चंद्रकलाचं तोंड बंद राहणार नव्हतंच.

संयोगिताचा हात थांबला.

"माय… माझं जे होईल ते होईल. पण तुझा नेम मोडला. माझ्यामुळे."

कोंडामाय जेवत होती.

"लोक लांबून येतात तुझ्याकडे. त्या नेमासाठी येतात. उद्या गावात म्हणतील, कोंडामाय आता निवडून मागायला लागली."

…

कोंडामायने ताटलीतलं शेवटचं शीत उचललं. बोट चाटलं. पाणी प्यायली.

"उद्या बाजरीचं मागते," ती म्हणाली. "मला आवडतं."