बयाक्काचं पांढरं फडकं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मात्र विचारू नका. आमच्या नागवळ्यात जो तो आपल्या पणज्याला या गोष्टीत उभा करतो, आणि सगळ्यांचे पणजे खरे धरले तर त्या दिवशी देवळापुढे तीन गावांची माणसं मावली असतील. पण बयाक्का होऊन गेली, यात शंका नाही. मडकी भाजायचा तिचा आवा जिथे पेटायचा ती जागा ओढ्याकाठी अजून आहे. तिथे आजही गवत उगवत नाही.

बयाक्का कुंभारीण. नवरा लवकर गेला, पण आवा तिने विझू दिला नाही. असं म्हणतात, मडक्यावर टिचकी मारून ती सांगायची, हे किती उन्हाळे टिकेल, आणि तिचा शब्द एका उन्हाळ्यानेही चुकायचा नाही. बोलायची कमी. पण एकदा बोलली की गाव गप्प.

तर एका फाल्गुनात बयाक्का ओढ्याकाठी माती खणत होती. कुदळ खाली गेली आणि मातीतून फूत्कार आला. बघते तर गव्हाळ रंगाचा, हातभर रुंद फण्याचा नाग. हातभर म्हणतात बरं का, मी मोजायला नव्हतो. कुदळीचा घाव त्याच्या पाठीवर बसला होता. दुसरं कुणी असतं तर पळालं असतं नाही तर दुसरा घाव घातला असता. बयाक्का खाली बसली.

"चूक माजी हाय, बाबा," ती म्हणाली. "तुज्या घरात मी न इचारता शिरले. बरा झालास की ह्याच जागी आणून सोडीन. कुंभारणीचा सबूद हाय."

तिने त्याला नव्या मडक्यात घातलं, तोंडाला फडकं बांधलं आणि घरी आणलं. हळद लावली, उंदीर खाऊ घातले. महिन्याभरात घाव भरून आला.

शब्द पाळायला ती निघाली, ती देवळावरून. आणि तिथेच घोटाळा झाला.

आमच्या गावाचं नाव नागवळं. गावात देऊळ नागोबाचं. पण जिवंत नाग कधी कुणाच्या दृष्टीस पडायचा नाही. शेजारची गावं चिडवायची, "नाव नागवळं आणि घरोघरी गांडुळं." आमच्या माणसांना ते फार झोंबायचं. म्हणून बयाक्काच्या मडक्यात नाग आहे हे कळताच नरसू गुरव देवळाच्या पायऱ्या दोन-दोन उतरत आला.

"अगं बयाक्का, द्येव आपल्या पायांनी गावात आलाय आणि तू त्याला वाटंला लावतीस?"

"गुरवदादा, त्याला पाय न्हाईत," बयाक्का म्हणाली. "आणि मी त्याला सबूद दिलाय."

पण तोवर सगळा गाव जमला. पाटील म्हणाले, बायका म्हणाल्या, म्हातारे तर रडायलाच लागले. शेवटी ठरलं की पंचमीपर्यंत नाग देवळात राहील आणि पंचमीला बयाक्का त्याला त्याच्या जागी सोडेल. सगळ्या गावाने देवापुढे हात जोडून कबूल केलं. बयाक्काने मडकं खाली ठेवलं, पण तिचं मन काही खाली बसलं नाही.

देवळात कमरेएवढा थोरला रांजण होता. त्यात नागाला ठेवलं, आत पाण्याची एक कुंडी ठेवली. मग प्रत्येक घराने आपापल्या बांधावरच्या वारुळाची मूठभर माती आणून वाहिली. कुणाला रानात सापाची कात मिळाली, त्याने कात वाहिली. परगावचे लोक आले, त्यांनी त्यांच्या रानातल्या काती आणल्या. वर दूध, फुलं, कुंकू. आणि आमच्या गावचा जुना बाणा असा, की देवाला वाहिलेलं परत काढायचं नाही. त्यामुळे रांजणात सगळं जात होतं आणि बाहेर काही येत नव्हतं.

दोन महिने गेले आणि चमत्कार सुरू झाले.

नाग पाण्याच्या कुंडीत जाऊन बसला. दिवसभर पाण्यात, फक्त नाक वर. गुरव म्हणाला, देव तपाला बसला. नागाने खाणं सोडलं. गुरव म्हणाला, कडक उपास आहे. मग नागाच्या अंगावर पांढरी भुकटी दिसायला लागली. आता तर बोलायलाच नको. देवाच्या अंगावर विभूती उमटली! आसपासच्या बारा गावांतून माणसं लोटली. गुरव मोरपिसाने ती भुकटी झाडून चिमूट चिमूट देऊ लागला. लोक कपाळाला लावायचे, पदरात बांधून घरी न्यायचे. चिडवणारी गावं आता आमच्याच पायऱ्यांवर रांगा लावून उभी राहायची. अहो, काय ताठ चालायची तेव्हा आमची माणसं!

कुंडीत पाणी भरायचं काम बयाक्काकडे होतं. एके सकाळी तिने जुनं पाणी ओतलं, तर तळाशी काळे ठिपके. मोहरीपेक्षा बारीक. तिने एक ठिपका मडकी पुसायच्या पांढऱ्या फडक्यावर घेतला आणि नखाने दाबला. फडक्यावर लाल डाग पडला.

बयाक्काच्या घरी कोंबड्या होत्या. खुराड्यात बारीक किडे झाले की कोंबडी कशी झुरते, ते तिने पाहिलं होतं. नाग तप करत नव्हता. अंगात घुसलेले किडे बुडवायला तो बिचारा पाण्यात बसला होता. आणि गाव ज्याला विभूती म्हणून कपाळाला लावत होतं, ती त्या किड्यांची घाण होती.

ती तडक गुरवाकडे गेली. "गुरवदादा, द्येवाला किडं लागल्यात. रगत पित्यात त्याचं. चार-आठ दिसांत मरंल."

गुरव संतापला. "द्येवाला किडं? जिभंला हाड हाय का तुज्या?"

बातमी गावभर गेली. त्याच दिवशी देवळापुढे गाव बसला. कुणी म्हणालं, बयाक्काला गावाचं भलं बघवत नाही. कुणी म्हणालं, आवा फुंकून फुंकून हिचं डोकं तापलंय. बयाक्काने सगळं ऐकून घेतलं. मग कमरेचं पांढरं फडकं काढलं, देवळाच्या उंबऱ्यावर पसरलं आणि रांजणात हात घातला. तिने नागाला मानेखाली अलगद धरून उचललं. तो इतका थकला होता की त्याने फणाही काढला नाही. तिने एका हाताने फडक्याचा कोपरा त्याच्या हनुवटीखालून आणि डोळ्यांच्या कडेने फिरवला आणि फडकं गुरवापुढे ठेवलं.

"बघा. तुमची इभूती चालाय लागली."

खरंच, पांढऱ्या फडक्यावर काळे ठिपके चालत होते. चालत चालत ते कडेला आले, कडेवरून गुरवाच्या हातावर आले. पहिली खाज नरसू गुरवाला सुटली. मग पाटलांनी मान खाजवली. आणि ज्यांनी ज्यांनी पदरात विभूती बांधून घरी नेली होती, ते सगळे एकदम खाजवायला लागले. असं म्हणतात, त्या दिवशी नागवळ्यात जेवढी खाजवाखाजव झाली तेवढी पुन्हा कधी झाली नाही. मी म्हणतो, बरं झालं. खाजवल्याशिवाय आमच्या गावाच्या डोक्यात काही शिरत नाही.

पण बयाक्का हसली नाही. हातातला जीव तिला हलका लागत होता.

"त्याला माज्या हवाली करा," ती म्हणाली. "पंचमीला महिना हाय. त्यो मेला तर माजा आवा पुन्ना पेटणार न्हाई. जगला तर सबूद दिल्यापरमाणं मी त्याला सोडीन. आनि ह्या रांजणातलं समदं जाळाय पायजे. कोंबडी धुतली आनि खुराडं तसंच ठेवलं, तर काय उपेग?"

इथे मात्र गाव पुन्हा अडला. देवाची माती जाळायची? वाहिलेलं बाहेर काढायचं? गुरवाचे डोळे भरून आले. "अक्का, येवढं नगं. आमच्या बापजाद्यांनी कवा द्येवाची माती टाकली न्हाई."

बयाक्का मऊ आवाजात म्हणाली, "टाकाय कोन सांगतंय, दादा? मी कुंभारीण हाय. मी मातीला जाळते ती ऱ्हावी म्हनून."

गुरवाने स्वतःच्या हाताने रांजण कलंडवला.

बयाक्काने फुलं, काती, जळण्यासारखं सगळं आव्याच्या जाळात घातलं. माती मळली आणि तिच्या पणत्या केल्या, घरटी एक. रांजणही आव्यात घातला, भेगांत काही राहू नये म्हणून. आता आषाढात आवा पेटत नाही, हे कुंभाराचं पोरही सांगेल. पण असं म्हणतात, त्या दिवशी गावभर पाऊस कोसळला आणि बयाक्काच्या आव्यावर एक थेंब पडला नाही. तिने वर पळसाच्या पानांचं दाट छप्पर घातलं असेल, अशी मला आपली शंका येते. पण ही शंका मी गावात बोलून दाखवत नाही.

नागाला तिने कोमट पाण्याच्या परातीत बसवलं. डोकं पाण्यावर राहावं म्हणून त्याच्या मानेखाली आपला तळवा धरला. सूर्य उगवल्यापासून डोक्यावर येईपर्यंत ती तशीच बसली. पाणी काळं झालं की बदलायची. मग अंग कोरडं करून खवल्यांवरून तेलाचं बोट फिरवलं. असं म्हणतात, त्या वेळी नागाने आपला फणा तिच्या खांद्यावर टेकवला आणि तो लेकरासारखा डोळे मिटून झोपला. सापाला पापण्या नसतात, हे मलाही ठाऊक आहे. तरी तो झोपला.

नव्या मडक्यात माती नाही, पाला नाही. तळाशी फक्त पांढरं फडकं आणि अंग लपवायला एक खापर. रोज सकाळी ती फडकं बदलायची. जुनं फडकं आधी देवळाच्या दाराला लावायची, सगळ्यांना दिसावं म्हणून, आणि मग उकळत्या पाण्यात टाकायची. गाव सकाळी उठून आधी फडक्यावरचे ठिपके बघायचा. पहिल्या दिवशी ठिपकेच ठिपके. मग कमी. आठव्या दिवशी फडकं कोरं. देवळापुढे हलगी वाजली!

"झालं, आता आना द्येवाला," लोक म्हणाले.

"थांबा," बयाक्का म्हणाली. "लिखा फुटायच्यात अजून."

आणि खरंच, दहाव्या दिवशी फडक्यावर पुन्हा बारीक ठिपके आले. हलगीवाला तोंड लपवून बसला. बयाक्काने पुन्हा परात मांडली, पुन्हा तळवा धरला. असं तिने तीनदा केलं. तिच्या तळहाताला पाण्याने भेगा पडल्या. नाग तिसऱ्या आठवड्यातही खाईना, तेव्हा तिचा धीर सुटला. शेजारणीला ती रडत म्हणाली, "माजीच कुदळ त्याला नडली गं. म्या त्याला घरातनं काडलं."

पंचमीला पाच दिवस उरले असताना सकाळी तिने मडक्याचं तोंड सोडलं. आत सोडलेला उंदीर नव्हता. नाग खापरावर फणा काढून बसला होता. फडकं कोरं होतं, आणि त्यानंतर ते कोरंच राहिलं.

पंचमी आली. बारा गावं जमली. भाजून लाल झालेला रांजण देवळात मांडला होता आणि नाग बयाक्काच्या मडक्यात होता. आणि माणसाचं मन बघा. पाटील हळूच म्हणाले, "अक्का, आता बरा झालाय. रांजनबी सोच्छ हाय. एक वरीस ऱ्हाऊ दे. येवढी मानसं आल्यात, गावाची शान हाय."

बयाक्का मडकं पोटाशी धरून उभी राहिली. एकटी बाई, समोर बारा गावं. तेवढ्यात नरसू गुरव पुढे आला. सगळ्यांना वाटलं, हा आता मडकं काढून घेणार. त्याने मडकं घेतलं, डोक्यावर ठेवलं आणि देवळाकडे पाठ करून ओढ्याची वाट धरली.

"शान?" तो मागे न बघता म्हणाला. "गावानं द्येवापुढं हात जोडून कबूल केलंय. ते पाळलं तर शान."

मग काय, बारा गावं त्याच्या मागे. मातीच्या खाणीपाशी बयाक्काने फडकं सोडलं. नाग बाहेर आला, कुदळीचा व्रण उन्हात चमकला. असं म्हणतात, त्याने तीन वेळा फणा डोलवला आणि मगच बिळात गेला. दुसऱ्या सकाळी बयाक्काच्या आव्यावर एक अखंड कात पडलेली होती, शेपटीपासून डोळ्यांपर्यंत. गुरवाने ती उन्हात धरून पाहिली. तिच्यावर एकही ठिपका नव्हता.

आता आमच्याकडे कुणी नाग धरत नाही. कायदा झाला म्हणून इतर गावांनी सोडलं असेल, आम्ही त्या दिवशीच सोडलं. पंचमीच्या आधी पाच दिवस नागवळ्यात घरोघरी अंथरुणं, खुराडी, गोठे, धान्याच्या कणग्या रिकाम्या करून झाडतात. त्याला बयाक्काची झाडणी म्हणतात. आदल्या दिवशी दाराला पांढरं फडकं लावतात, आणि त्या मातीच्या पणत्या काही घरांत अजून आहेत, त्या उंबऱ्यावर लावतात.

आणि कधी आमच्या देवळात आलात, तर आत तो लाल रांजण दिसेल. रिकामा. गुरवाच्या घरचं माणूस रोज पहाटे तो धुतं. तुम्ही अंगारा मागाल, तर आमच्या देवळात अंगारा मिळत नाही. गुरव एक पांढरं फडकं घेईल, रांजणाच्या आतून फिरवेल, ते तुमच्यापुढे धरेल आणि म्हणेल, "बघून घ्या." तुम्ही नीट बघायचं, आणि मगच हात जोडायचे.