ड्रॅगनच्या तोंडात हात

तीन दगड फुकट गेले, तरी ड्रॅगन काही होईना!

शिवणगडच्या धवलराजाला एका परदेशी व्यापाऱ्याने ड्रॅगनची गोष्ट सांगितली होती. तेव्हापासून राजाने हट्टच धरला, की गडाच्या दरवाजापाशी दगडी ड्रॅगन हवा. रखमाजी पाथरवटाने पंखांचा ड्रॅगन घडवला. दरबारातले शास्त्रीबुवा म्हणाले, "हा तर गरुड!" दुसरा बिनपंखांचा घडवला. "हा नाग!" तिसऱ्याला चार पाय केले. शास्त्रीबुवांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि ते म्हणाले, "घोरपड. जरा लठ्ठ आहे."

शास्त्रीबुवांनी ड्रॅगन पाहिला होता का? छे! पण चुका काढायला तेवढी गरज पडत नाही.

राजा भडकला. "परवा दुपारपर्यंत असा ड्रॅगन हवा, की शास्त्रीबुवांनाही नाही म्हणता येणार नाही. नाहीतर रखमाजी, बायकापोरं घेऊन राज्याबाहेर चालता हो!"

रखमाजी घरी आला आणि मुकाट्याने छिन्न्या पोत्यात भरू लागला. त्याची लेक मथी दारात भाकरी खात बसली होती.

"बाबा, पोतं ठेवा खाली," ती म्हणाली. "दरवाजाशेजारच्या कातळाला एक भोक पाडून द्या. वीतभर रुंद, दोन हात खोल. बाकीचं मी बघते."

"अगं, भोकाला कुणी ड्रॅगन म्हणतं का?"

"परवा म्हणतील."

ठरल्या दिवशी सारा दरबार कातळापुढे जमला.

"हे काय?" राजाने विचारले.

"ड्रॅगनचं तोंड, महाराज," मथी म्हणाली.

शास्त्रीबुवा खूश झाले. "महाराज, हे भोक आहे! पंख कुठे? पाय कुठे? शेपूट कुठे?"

"सगळं आत डोंगरात आहे. हात घालून चाचपून बघा ना, शास्त्रीबुवा. नसलं तर तसं सांगा."

शास्त्रीबुवांनी हात भोकापाशी नेला. भोक काळंकुट्ट होतं. एकाएकी त्यांना आठवलं, की आपण सोवळ्यात आहोत.

मग सेनापती पुढे झाले. पण त्यांना येत्या लढाईसाठी उजवा हात जपायचा होता. डावाही जपायचा होता.

"भित्रे कुठले!" राजा गरजला. "रिकामं भोक आहे ते! आत काही नाही, मला पक्कं ठाऊक आहे!" त्याने बाही सारून मनगटापर्यंत हात आत घातला. आतला गारवा बोटांना लागला. राजाने झटकन हात बाहेर काढला आणि पाचही बोटं मोजली.

"आत काय होतं, महाराज?" मथीने विचारले.

"काही नाही."

"मग हात का काढलात?"

राजाने बाही खाली ओढली.

"महाराज," मथी म्हणाली, "गरुडाला आपण हात जोडतो. नागाला दूध ठेवतो. घोरपड तर दोर लावून धरून आणतो. पण आत काही नाही हे पक्कं ठाऊक असूनही ज्याच्या तोंडात राजाचा हात टिकत नाही, त्याला काय म्हणायचं, ते शास्त्रीबुवांनीच सांगावं!"

सगळे शास्त्रीबुवांकडे बघू लागले. शास्त्रीबुवांनी भोकाकडे पाहिले आणि ते दोन पावले मागे सरकले.

"ड्रॅगन," ते म्हणाले.

राजा पोट धरधरून हसला. रखमाजीला त्याने गडाचा मुख्य पाथरवट नेमले. आणि भोकातून सुखरूप बाहेर आलेल्या हातातलं सोन्याचं कडं काढून मथीच्या हाती ठेवलं.