मफलरच्या चार गाठी

आंबेघोळ गावात हैबती नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती? त्याला कुणी "जरा थांब, आलोच" म्हणालं आणि तो माणूस विसरून घरी गेला, तर हैबती अंधार पडेपर्यंत तिथंच उभा. वर घरी येऊन आईला म्हणणार, "अजून आला नाही गं बिचारा. बरा असेल ना?"

या हैबतीची धाकटी बहीण अनसूया लग्न होऊन थेट हिमालयात गेली. तिचा नवरा श्रीरंग तिकडं एका बर्फाच्या डोंगरावर हॉटेलात आचारी होता. लोक तिथं पायांना लांब फळ्या बांधून उतारावरून घसरायला जातात. तेही हौसेनं! आंबेघोळला कुणी घसरला तर त्याला हाडवैद्याकडं नेतात.

तर अनूची पहिली संक्रांत आली. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवून हलव्याचे दागिने घालायचे असतात. पुढं कितीही संक्रांती येवोत, पहिली एकदाच येते. आईनं शेजारणीच्या घरी बसून, मंद आचेवर बोटं भाजून घेत, पांढराशुभ्र काटेरी हलवा केला. एकेक दाणा ओवून हार केला, बिंदी केली, बाजूबंद केले, कमरपट्टा केला. हे सगळं तिनं हैबतीपासून लपवून ठेवलं, कारण गोड दिसलं की त्याचा हात आधी जायचा आणि डोकं मागून यायचं.

आईचे गुडघे धरलेले. कुरियरवर तिचा विश्वास नव्हता. हैबतीवर होता. शेवटी आई ना ती.

"हैबत्या, हा डबा अनूच्या हातात द्यायचा. संक्रांतीला चारच्या आत. उघडायचा नाही, आडवा करायचा नाही."

"आत काय आहे?"

"दागिने आहेत तुझ्या बहिणीचे."

हैबतीनं मान डोलावली. दागिने म्हणजे सोन्याचे, एवढं त्याला कळत होतं.

"आणि कुणाची गाडी चालवायची नाही!" आई म्हणाली. गेल्या वर्षी चुलत्यानं त्याला ट्रॅक्टरवर बसवून "सरळ जा" असं सांगितलं होतं. रस्ता वळला, हैबती वळला नाही. "आगगाडीनं जा, मग बसनं, मग पाळण्यानं. वाटेत शहाणी माणसं भेटतील. ती सांगतील ते ऐक. विसरशील म्हणून मफलरला गाठ मारून ठेव."

हैबती निघाला. तिकडची माणसं हिंदीत बोलायची, आणि हैबतीला हिंदी कळायची. कळायला नको होती, एवढी चांगली कळायची.

आगगाडीत तो डबा डोक्यावर घेऊन उभा राहिला. डबा आडवा व्हायला नको! सहा तासांनी तिकीट तपासनीस आला.

"अहो, वरचा बर्थ तुमचाच आहे ना? मग उभे का?"

"आईनं डबा सांभाळायला सांगितलाय."

"सामान सीटखाली सारायचं आणि आपण वर चढून गप्प झोपायचं. इतकं सोपं आहे."

"शहाणा माणूस," हैबती मनात म्हणाला. त्यानं मफलरला एक गाठ मारली आणि वर चढून झोपला.

गाडीतून उतरून तो डोंगरात जाणाऱ्या बसपाशी आला. मफलरची गाठ चाचपली. सामान सीटखाली, आपण वर. त्यानं डबा सीटखाली सारला, मागच्या शिडीनं बसच्या टपावर चढला आणि बटाट्याच्या पोत्यांमध्ये गप्प झोपला. तीन तासांनी चहाला बस थांबली तेव्हा कंडक्टरला टपावर पोत्यांपेक्षा एक नग जास्त दिसला. हैबतीच्या मिशीवर दव गोठलं होतं. नाक गाजरासारखं झालं होतं.

"मरायचंय का?" कंडक्टर ओरडला. "आत बसायचं! दार घट्ट लावायचं! गाडी पूर्ण थांबल्याशिवाय जागचं हलायचं नाही!"

"हे मघाशीच सांगितलं असतं तर?" हैबती कुडकुडत म्हणाला आणि त्यानं दुसरी गाठ मारली.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी दहा वाजता तो पाळण्यापाशी पोचला. तारेवरून लोंबकळत डोंगर चढणाऱ्या काचेच्या खोल्या होत्या त्या. हैबती आत बसला. दार घट्ट लागलं. डबा मांडीवर घेतला. वर पोचल्यावर दार आपोआप उघडलं आणि बाकीची माणसं भराभर उतरली. पाळणा मात्र थांबला नाही, कारण पाळणे थांबतच नाहीत, मुंगीच्या चालीनं पुढं सरकत राहतात.

"उतरा!" वरचा माणूस म्हणाला.

"थांबला की उतरतो," हैबती म्हणाला.

पाळणा वळून खाली गेला. खालून पुन्हा वर आला.

"अहो, उतरा!"

"घाई नाही मला. थांबू दे."

पहिल्या खेपेला हैबतीला मोठा डोंगर दिसला. दुसऱ्या खेपेला तोच डोंगर दिसला. पाचव्या खेपेला तो त्या डोंगराला ओळखीचं हसला. तिकडं अनू खिडकीतून वाटेकडं डोळे लावून बसली होती, आणि इकडं तिचा दादा तिच्या डोक्यावरून येरझारा घालत होता. सातव्या खेपेला वरच्या माणसानं त्याचं बखोट धरून त्याला डब्यासकट बाहेर ओढलं.

"इथं काही थांबतबिंबत नसतं! चालत्या गाडीतून उडी मारायची, समजलं?"

"समजलं की," हैबती म्हणाला. तिसरी गाठ.

तिथून हॉटेल उतारावर खाली होतं. लाल टोपीवाला एक चाचा लोकांना लाकडी घसरगाडीवरून न्यायचा. तो म्हणाला, "पुढं बसा, दोरी धरा."

"आईनं गाडी चालवायची नाही सांगितलंय."

मग चाचा पुढं बसला, मध्ये डबा आणि मागं हैबती. घसरगाडीनं वेग घेतला. वारा कानात शिरला. हैबतीनं गाठ चाचपली. गाडी चालती होती, यात शंकाच नव्हती. त्यानं डबा पोटाशी धरला आणि उडी मारली!

चाचा परत वर आला तेव्हा बर्फातून फक्त दोन हात बाहेर दिसत होते, आणि त्या हातांत डबा होता. अगदी उभा, एवढासाही आडवा नाही. चाचानं त्याला उपसून काढलं. हैबती पांढराफटक झालेला.

"बघता काय? झटका आधी!" चाचा म्हणाला. "अंगावर पांढरं दिसलं की लगेच झटकायचं. विचार करत बसायचं नाही. त्याचं पाणी होतं आणि माणूस तापानं फणफणतो."

ही गोष्ट हैबतीला फारच पटली. त्यानं चौथी गाठ मारली, ती सगळ्यांत मोठी.

पावणेचारला तो अनूच्या दारात उभा राहिला. अनूनं त्याला मिठीच मारली. "दादा! आलास रे!" ती रडली, हसली, पुन्हा रडली. डबा तिच्या हातात गेला. सासूबाईंनी आत डोकावून पाहिलं. एक दाणा हललेला नव्हता. "हुशार आहे हो तुझा भाऊ," त्या म्हणाल्या. असं हैबतीला जन्मात कुणी म्हणालं नव्हतं. त्याची छाती फुगली.

तो गरम पाण्यानं आंघोळ करायला गेला. तेवढ्यात हॉटेलातल्या बायका पोरांना घेऊन हळदीकुंकवाला जमल्या. अनू काळीभोर साडी नेसून मध्ये पाटावर बसली. कपाळावर बिंदी, गळ्यात हार, दंडांवर बाजूबंद, कमरेला पट्टा. काळ्यावर सगळं शुभ्र चमचमत होतं. बायका बघतच राहिल्या. सासूबाई फोटोसाठी फोन शोधायला लागल्या.

हैबती अंग पुसून बाहेर आला आणि दारातच थबकला. त्याची लाडकी बहीण डोक्यापासून कमरेपर्यंत पांढरी झाली होती! आणि एकीलाही तिची काळजी नव्हती.

"अनू, हलू नकोस!" तो ओरडला.

चार गाठींचा मफलर त्याच्या हातातच होता. फट! बिंदी गेली. फट! हार गेला. फटाफट! बाजूबंद गेले. कमरपट्ट्याला तीन फटके लागले. हलव्याचे दाणे खोलीभर टपटपले. पोरं जमिनीवर लोळण घेऊन वेचून खायला लागली. सासूबाईंना शेवटी फोन सापडला, पण फोटो काढायला आता पोरंच उरली होती.

अनूचे डोळे काठोकाठ भरले.

हैबतीनं धापा टाकत तिच्या खांद्यावरचा शेवटचा दाणा बोटानं उडवला, मफलर गळ्यात टाकला आणि मायेनं म्हणाला, "रडू नकोस वेडे, वेळेवर आलो मी. झाली बघ कोरडी. जा आता, आईनं पाठवलेले दागिने घालून ये."