चिलखताची पाठ

"पण दाजीनू, पाठीक काय?"

"पाठीक सगुण," दाजी मेस्त्री म्हणाले.

"आणि सगुणाच्या पाठीक?"

"तू."

रवळूला हे उत्तर वाटलंच नाही. म्हाताऱ्यानं आपल्याला टोलवलं, असं त्याला वाटलं.

दाजी एके काळी दशावतारात राजाची भूमिका करायचे. गुडघे गेले तसे ते देवळाच्या धर्मशाळेत राहायला आले आणि नाटकमंडळीसाठी मुकुट, ढाली, गदा बनवू लागले. आता राजा रवळू करायचा आणि दिवसा दाजींच्या हाताखाली ही कलाही शिकायचा. राक्षस करायचा सगुण. प्रत्येक नाटकात या दोघांची लढाई ठरलेली.

यंदाच्या जत्रेसाठी दोघांनाही नवी चिलखतं हवी होती. मंडळीच्या मालकांनी दोन गोणपाटं, रद्दीचा गठ्ठा, तेलाचा एक रिकामा डबा आणि थोडा चंदेरी कागद आणून टाकला. यात काय बसेल ते बसवा, म्हणाले. दोन्ही चिलखतं रवळूनं करायची, असं दाजींनी ठरवलं होतं.

दाजींची चिलखतं नेहमी अर्धीच असत. छाती आणि पोट तेवढं झाकलेलं, पाठ उघडी. पाठीवर तीन नाड्या, त्यांवरून शेला. एका गोणपाटात एक चिलखत सहज होई. सामान पुरत नाही म्हणून ही युक्ती, हे कुणालाही कळण्यासारखं होतं. पण मंडळीत एक रीतही होती. राजाच्या नाड्या राक्षसानं बांधायच्या आणि राक्षसाच्या राजानं. ज्याच्याशी लढायचं, त्याच्याकडे आधी पाठ करून उभं राहायचं.

रवळूला ही रीत मुळीच आवडत नसे.

त्याला तसं बरंच काही आवडत नसे. दाजी चिंचोक्याच्या खळीत एका डबीतली निळी पूड टाकत. कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतो, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रवळूनं ते खरं धरलं नाही. दाजी आंघोळीला गेले असताना त्यानं डबी उघडली, वास घेतला, चिमूटभर पुडीत बांधून बाजारात दाखवून आणली. मोरचूदच निघालं. तेव्हा त्याला वाटलं, खरी पूड दुसरीकडे असणार.

आता नाड्यांवरूनही त्याला तसाच संशय येऊ लागला होता. शेवटी त्यानं मनातलं बोलून टाकलं.

"गेल्या वर्षी भर लढाईत सगुणान माझी गाठ सोडल्यान."

"होय," दाजी म्हणाले. "सोडल्यान."

"तुमका ठावक होता?"

"तेनाच सांगल्यान."

रवळूनं हातातलं काम खाली ठेवलं.

त्या रात्री चिलखत त्याच्या गुडघ्यांवर येऊन लोंबलं होतं आणि सगळी जत्रा खदखदून हसली होती. राजा शेला सावरत पडद्यामागे पळाला होता. ते हसणं वर्षभर रवळूच्या कानातून गेलं नव्हतं. त्याआधी क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आली होती, मृदंग कुठंतरी लांब वाजल्यासारखा झाला होता. पण ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं आणि स्वतःही फारसं आठवत नसे.

म्हणजे हे दोघे एक आहेत तर. म्हाताऱ्याला सगुणच राजा म्हणून हवा असेल. रवळूला सगळं लख्ख दिसलं. सगुणनं गाठ का सोडली, एवढं विचारायचं मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही.

धर्मशाळेच्या मागच्या खोलीत त्यानं काम मांडलं आणि दाराला आतून कडी घातली.

काम त्याला येत होतं, हे कबूल करायला हवं. पालथ्या माठावर त्यानं गोणपाट चढवलं, खळीत भिजवलेल्या कागदाचे थर दिले. तेलाचा डबा कापून खवल्यांसारखे तुकडे केले आणि खिळ्यानं भोकं पाडून ओवले. पुढचा भाग झाला. मग दुसरं गोणपाट घेतलं आणि तशीच पाठ केली. दोन्ही भाग बगलांखाली शिवून टाकले, डावीकडे आत शिरण्यापुरती फट तेवढी ठेवली. नाडी एकही ठेवली नाही. डाव्या बगलेत आतून एक आकडा बसवला. तो कसा दाबला की सुटतो, ते त्याच्याशिवाय कुणाला कळणं शक्य नव्हतं.

गोणपाट संपलं. सगुणच्या चिलखताचं मग बघू, असं त्यानं मनाशी म्हटलं. हे मग म्हणजे कधी, ते त्यालाही माहीत नव्हतं.

खळ अंगणात, उन्हात वाळवायची असते. दाजींचा याबाबतीत कटाक्ष होता. पण अंगणात ठेवलं की सगळे बघणार, सगुण बघणार, आकड्याची जागा शोधणार. रवळूनं चिलखत बंद खोलीतच वाळवलं. वरून ते कोरडं लागलं. आतून गार लागत होतं, तिकडे त्यानं काणाडोळा केला.

जत्रेच्या आदल्या दुपारी दाजींनी दोघांना लढाईच्या तालमीला बोलावलं. रवळू मखमली अंगरख्यावर चिलखत चढवून बाहेर आला आणि अंगण उजळलं, यात खोटं नाही. दाजी पायरीवर बसले होते. पत्रा कापायची कातर त्यांच्या मांडीवर होती. ते चिलखताकडे बराच वेळ बघत राहिले, मग त्यांनी रवळूच्या पाठीकडे बघितलं.

सगुण नुसत्या बनियनवर होता. आपलं चिलखत कुठं आहे, असं त्यानं विचारलं. सामान संपलं, रवळूनं सांगितलं. सगुणनं दाजींकडे पाहिलं. दाजींनी तालीम सुरू करायची खूण केली.

लाकडी तलवारी वाजू लागल्या. मार्गशीर्ष होता, तरी कोकणातलं दुपारचं ऊन ते. ओली खळ उन्हात वाळू लागली आणि वाळता वाळता आवळू लागली. आधी रवळूला ते बरं वाटलं. चिलखत अंगाला चपखल बसतंय असं वाटलं. मग श्वास अर्ध्यावर अडू लागला. हात वर जाईना. डोळ्यांपुढे पुन्हा ती अंधारी आली...

सगुणनं तलवार टाकली आणि तो धावत रवळूच्या मागे गेला.

रवळूनं होतं नव्हतं तेवढं बळ लावून त्याला कोपरानं ढकललं.

दाजी गुडघ्यांचं दुखणं विसरून उठले होते.

"उघडता खंयसून?"

रवळूला आकडा माहीत होता. सांगण्यापुरता श्वासही अजून होता. पण दाजींच्या खांद्यामागे सगुण उभा होता, कान देऊन. रवळूनं तोंड मिटून घेतलं.

"रवळू. उघडता खंयसून?"

तो गुडघ्यांवर आला. आणि मग त्याला पाठीवर हात जाणवले. सगुणचे हात. ते मानेखाली चाचपत होते, कमरेवर चाचपत होते, पुन्हा मानेखाली येत होते. ते काय शोधत होते, ते रवळूला कळलं. नाडी शोधत होते. हेच हात याच जागी गेल्या वर्षीही लागले होते, अशाच अंधारीत, आणि त्यानंतरच छाती मोकळी झाली होती.

त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, डाव्या बगलेत, आतून. तोंड उघडलं. आवाज नव्हता.

दाजींनी कातर घातली. सगुणनं शिवणीच्या दोन्ही कडा बोटांनी ताणून धरल्या. डावी बाजू कापली, मग उजवी. पत्र्याचे खवले अंगणभर सांडले.

रवळू उताणा पडून कितीतरी वेळ नुसता श्वास घेत होता. सगुणनं त्याला पाणी पाजलं. सगुणच्या बोटांतून रक्त येत होतं. पत्रा लागला होता.

"गेल्या वर्षी..." रवळू म्हणाला. "माका सांगलंस कित्याक नाय?"

"तू इचारलंस खंय?"

सगुण रागानं बोलला नाही, आणि त्यामुळे रवळूला जास्तच लाज वाटली. लोकांच्या हसण्याचा वर्षभर हिशेब ठेवला आणि आपण जिवंत कसे राहिलो, ते विचारायचं राहून गेलं. त्याला रडू आलं. त्यानं ते लपवलं नाही.

अंगणात चिलखताचे दोन भाग पडले होते. एक छातीचा, एक पाठीचा. दोन्ही सारख्याच मापाचे, कारण दोन्ही एकाच माठावर घडवलेले. दाजींनी वाकून पाठीचा भाग उचलला, झटकला, उन्हात धरून बघितला.

"आता दोघांक पुरतला," ते म्हणाले.

त्यांनी तो तुकडा सगुणच्या छातीला लावला. कातरीच्या टोकानं कडेला भोकं पाडली, तीन नाड्या ओवल्या आणि त्यांची टोकं मागे काढून दिली. मग रवळूकडे बघितलं...

रवळू भिंतीचा आधार घेत उठला.

सगुण त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला. मान खाली, हात सैल. मागे वळून त्यानं एकदाही बघितलं नाही.

रवळूनं नाड्या हातात घेतल्या. आता आपल्या हातून काही चुकायला नको, म्हणून त्यानं नाडी आवळली, एक गाठ मारली, तिच्यावर दुसरी, आणि तिसरी मारायला टोकं उचलली.

दाजींनी गाठीवर बोट ठेवलं.

"सोड ती," ते म्हणाले. "ओढल्यार सुटात, अशी बांध."