बैल झालेल्या राजाचं पथ्य

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा होता आणि एका सकाळी तो बैल झाला. झालं ते असं. कालजंघ नावाच्या मांत्रिकानं त्याच्याकडे आपल्या गुरांसाठी कुरण मागितलं. राजा हसला. म्हणाला, गुरांना कुरण कशाला, ती काहीही खातात. मांत्रिकानं ओंजळीतलं पाणी शिंपडलं.

"मग तूही खाऊन बघ," तो म्हणाला आणि निघून गेला. सिंहासनासमोर पांढराशुभ्र बैल उभा राहिला.

राणी कुमुदिनीचा सारा जीव राजावर. तिनं ठरवलं, देह बैलाचा असेल, पण आत माझा राजा आहे. त्याच्यापुढं गवत कसं टाकू? ती स्वतः चुलीपुढं बसे. बासुंदी, साखरभात, तुपात भिजलेलं पुरण, सगळं राजाच्या आवडीचं. बैल तिच्याकडे बघे आणि मुकाट्यानं खाई. त्याच्या तोंडून एकदा आपलं नाव ऐकावं, म्हणून तिचे कान आसुसले होते.

हळूहळू बैलाची डावी कूस टम्म फुगली. तो रवंथ करीना, उठेना, धाप टाकू लागला. आपल्या आठवणीनं तो झुरतोय असं राणीला वाटलं आणि तिनं बासुंदीत केशर वाढवलं. आता या बाईला काय म्हणावं!

बैलाच्या पाठीवर एक साळुंकी येऊन बसे. एके दिवशी ती बोलली.

"राणी, तुझ्या हातानं तुझा राजा मरतो आहे."

मग साळुंकीनं सगळं समजावलं. बैलाच्या पोटात डोळ्यांना न दिसणारी प्रजा नांदते. गवताचं अन्न तीच करून देते. गोडधोडानं ती माजली, एकमेकांवर उठली, पोटात वारा कोंडला आणि त्या वाऱ्यात शाप अडकून बसला. ती प्रजा ताळ्यावर आली, बैलानं स्वस्थ बसून रवंथ केला, की शाप उतरेल. त्यासाठी ओव्याचं तेल हवं, लवंगेचं तेल हवं आणि ते देणारा हात हवा.

"हात आहे," राणी म्हणाली.

"तोच सगळ्यांत अवघड," साळुंकी म्हणाली.

ओव्याचं तेल डोंगरापलीकडच्या राक्षसिणीच्या भट्टीवर निघे. राणीनं भट्टीतला जाळ फुंकला, डोळे सुजेपर्यंत फुंकला, तेव्हा वाफेतून कुपीभर तेल उतरलं. त्या कष्टांचं मोल म्हणून राक्षसिणीनं ते देऊन टाकलं. लवंगेचं झाड समुद्रातल्या बेटावर होतं. खाली बसून कुणी रडलं तरच ते कळ्या सोडी. त्या कामी राणीला काही शिकावं लागलं नाही. त्या कळ्यांचंही तेल राक्षसिणीनंच काढून दिलं.

राणी परतली तेव्हा बैलानं मान टाकली होती. साळुंकीनं बजावलं, दोन्ही तेलांचा एकेक थेंब वाळल्या गवतावर, रोज तेवढाच. जास्त झालं तर पोटातल्या प्रजेतले माजलेले मरतील तसे राबणारेही मरतील, मग पोट कायमचं थंड पडेल.

राणीनं ओव्याच्या तेलाची कुपी उघडली. सगळी ओतली तर आजच उठेल, आजच बोलेल, असं तिचं मन म्हणत होतं. तिनं एकच थेंब सोडला. दुसऱ्या कुपीतूनही एकच. गवताची पेंढी पुढं करताना मात्र तिला हुंदका आवरेना.

"खा रे बैला," ती म्हणाली. त्याला बैल म्हणायची तिची ती पहिलीच वेळ.

दिवस गेले. कूस उतरली. एका दुपारी बैल पाय दुमडून बसला, डोळे मिटले आणि रवंथ करू लागला. राणीकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. राणी लांबच बसून राहिली. तिला वाईट वाटलं, पण त्याहून बरं वाटलं. असाच राहिला तरी चालेल, पण जगू दे, असं तिनं मनापासून म्हटलं.

रवंथ संपला तेव्हा गवतावर राजा बसला होता.

त्यानं पहिली आज्ञा केली ती कालजंघाच्या गुरांना कुरण देण्याची. माणसं पांगल्यावर तो राणीला म्हणाला, "कुमुदिनी, मला गवत हवं होतं. सांगता येत नव्हतं."

"मग आपण ते सगळं खात का होतात?"

"तू आणायचीस म्हणून."

जशी त्या दोघांची भेट झाली, तशी वाट पाहणाऱ्या सगळ्यांची होवो.